घासाल तर घालवाल!

इंग्लंडमधलं लीड्स शहर. साल १९७०. तिथल्या मिडलटन भागातल्या सेंट क्रॉस चर्चची कोनशिला चोरट्यांनी उचकटली. आत ना सोन्याची मूर्ती होती, ना चांदीची भांडी. होता तो फक्त नाण्यांचा एक संच, चर्च बांधताना शुभशकुन म्हणून पायात ठेवलेला. आणि चोरांचा डोळा होता त्या संचातल्या एका पेनीवर. पेनी म्हणजे त्या काळच्या इंग्लंडमधली निव्वळ चिल्लर. अशा दोनशेचाळीस पेन्या जमवाव्यात तेव्हा एक पौंड व्हायचा. मात्र या पेनीवर साल होतं १९३३. ती चोरीला गेली ती गेलीच, अजून सापडलेली नाही.

या चोरीचा धसका असा, की लीड्समधल्याच दुसऱ्या एका चर्चच्या पायातली तशीच पेनी १९७२ साली धर्माधिकाऱ्यांनी स्वतःच बाहेर काढायला लावली आणि लिलावात विकून टाकली. चोरानं नेण्यापेक्षा विकलेली बरी!

एका चिल्लर नाण्यासाठी एवढा आटापिटा कशाला? तर १९३३ साली इंग्लंडच्या बाजारात पेन्यांचा पुरेसा साठा होता. त्यामुळे सरकारी टांकसाळीनं, म्हणजे रॉयल मिंटनं, त्या वर्षी चलनासाठी पेन्या पाडल्याच नाहीत. पण नव्या इमारतीच्या पायात चालू वर्षाची नाणी ठेवायचा तिथे रिवाज. त्या कामापुरत्या आणि संग्रहालयांसाठी मोजक्याच पेन्या पाडल्या गेल्या. आज अशा सातच पेन्या माहीत आहेत, असं मानलं जातं. एक ब्रिटिश म्युझियममध्ये, एक रॉयल मिंटच्या स्वतःच्या संग्रहालयात, आणि एक लंडन विद्यापीठाच्या सेनेट हाउसच्या कोनशिलेखाली.

आता गंमत पाहा. १९३२ किंवा १९३४ सालची झिजलेली पेनी कुणी विकायला नेली, तर व्यापारी चहाचेही पैसे देताना विचार करेल. राजा तोच, पंचम जॉर्ज. धातू तोच, वजन तेच. फरक एका आकड्याचा.

जुन्या ब्रिटिश नाण्यांच्या छंदाचं सगळं मर्म या फरकात आहे. नाणं जुनं म्हणून महाग नसतं. हाती आलेल्या प्रत्येक नाण्याला जाणकार तीनच प्रश्न विचारतो. हे नेमकं कोणतं? हे कोणत्या अवस्थेत आहे? आणि हे किती जणांना हवं आहे? या तीन प्रश्नांची उत्तरं याच क्रमानं शोधायची असतात. पण बहुतेक घरांत चौथीच गोष्ट सगळ्यात आधी होते. नाणं घासलं जातं!

आधी ओळख

आपल्याकडे १९५७ पर्यंत रुपये-आणे-पै होते, तसाच इंग्लंडचा जुना हिशेब. बारा पेनींचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड. पेनीचा चौथा हिस्सा म्हणजे फार्दिंग. दोन शिलिंगांचा फ्लोरिन, अडीच शिलिंगांचा हाफ क्राउन, पाच शिलिंगांचा क्राउन. एक पौंडाचं सोन्याचं नाणं ते सॉव्हरिन. आपल्या घरांत त्यालाच सर्रास ‘गिनी’ म्हटलं जातं. खरी गिनी मात्र वेगळी, एकवीस शिलिंगांची, सॉव्हरिनच्या आधीची. १५ फेब्रुवारी १९७१ रोजी हा सगळा पसारा आवरला गेला आणि शंभर पेनींचा पौंड सुरू झाला.

इथे एक गल्लत टाळायला हवी. ज्याला आपण ‘राणी छाप’ किंवा ‘राजा छाप’ रुपया म्हणतो, ते नाणं ब्रिटिश राजवटीचं असलं तरी इंग्लंडचं नव्हे. त्यावर ‘इंडिया’ हा शब्द आणि रुपया-आण्याचं मूल्य असतं. पंचम जॉर्ज भारतीय नाण्यांवर मुकुट घालून दिसतो, तर इंग्लंडच्या नाण्यांवर बोडक्या डोक्यानं. दोन्हींचे संग्राहक वेगळे, भावही वेगळे.

साल झिजून गेलं असेल तर चेहरा बोलतो. राणी व्हिक्टोरियानं ६३ वर्षं राज्य केलं आणि चांदीच्या नाण्यांवर ती तीन रूपांत दिसते. १८८७ पर्यंत तरुण, केस मागे बांधलेली. १८८७ ते १८९३ डोक्यावर इवलासा मुकुट, तो आता पडतो की काय असं वाटावं असा. आणि १८९३ पासून डोक्यावरून पदरासारखं वस्त्र घेतलेली वृद्ध राणी.

चेहऱ्याची दिशाही उपयोगी पडते. दुसऱ्या चार्ल्सच्या काळापासून नवा राजा आधीच्या राजाच्या उलट दिशेला तोंड करतो, असा प्रघात. व्हिक्टोरिया डावीकडे, सातवा एडवर्ड उजवीकडे, पंचम जॉर्ज पुन्हा डावीकडे. आठव्या एडवर्डनं मात्र हट्ट धरला, माझी डावी बाजूच चांगली दिसते! तो १९३६ च्या डिसेंबरात गादी सोडून गेला आणि त्याच्या चेहऱ्याची नाणी इंग्लंडच्या चलनात आलीच नाहीत. नमुन्यादाखल पाडलेली मोजकी नाणी तेवढी उरली. त्यातलं एक सॉव्हरिन जानेवारी २०२० मध्ये दहा लाख पौंडांना विकलं गेलं. त्या वेळच्या हिशेबानं नऊ कोटी रुपयांहून अधिक!

राजाच्या चेहऱ्याभोवतीची लॅटिन अक्षरं म्हणजे नाण्याची जन्मपत्रिकाच. त्यात ‘इंड इम्प’ ही अक्षरं दिसली तर आपला संबंध लगेच जुळतो. त्याचा अर्थ हिंदुस्थानचा सम्राट किंवा सम्राज्ञी. इंग्लंडच्या नाण्यांवर ही अक्षरं आली १८९३ पासून आणि गेली १९४९ पासून. भारत स्वतंत्र झाला, राजानं पदवी सोडली, आणि लंडनमधल्या टांकसाळीला ठसे बदलावे लागले. स्वातंत्र्याची ही नोंद इंग्लंडमधल्या प्रत्येकाच्या खिशात खुळखुळत होती.

उलट्या बाजूलाही खुणा असतात. पेनीवर ढाल-त्रिशूळ घेऊन बसलेली ब्रिटानिया देवी असते. तिच्या एका बाजूला दीपस्तंभ आणि दुसऱ्या बाजूला जहाज असेल, तर पेनी १८६० ते १८९४ मधली. दोन्ही नसतील तर १८९५ ते १९३६ मधली. १९३७ पासून दीपस्तंभ परत आला, जहाज मात्र आलं नाही. १९१२, १९१८ आणि १९१९ च्या काही पेन्यांवर सालाच्या डाव्या अंगाला बारीक ‘एच’ अक्षर असतं. ती पेनी लंडनला नव्हे, बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीत पाडलेली. एवढं एक अक्षर नजरेतून सुटलं की नाण्याची ओळखच चुकते.

धातू आणि तराजू

ओळख पटली की तराजू. त्यासाठी ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा, एक कॅलिपर आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग एवढी सामग्री पुरते. १८६० नंतरची पेनी काशाची, वजन ९.४५ ग्रॅम. सॉव्हरिन बावीस कॅरट सोन्याचं, वजन ७.९९ ग्रॅम, त्यात शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. व्यास २२ मिलिमीटरच्या किंचित वर. वजन बरोबर पण नाणं जाड किंवा आकारानं मोठं, असं असेल तर संशय घ्यायलाच हवा. कडेवर जोडाची रेघ दिसली किंवा पृष्ठभागावर बारीक फोड दिसले, तर ते नाणं ठशानं पाडलेलं नसून साच्यात ओतलेलं, म्हणजे नकली, असण्याची शक्यता मोठी.

चांदीच्या बाबतीत तीन तारखा पाठच असाव्यात. १९१९ पर्यंतच्या इंग्लिश चांदीच्या नाण्यात ९२.५ टक्के चांदी. १९२० ते १९४६ मध्ये निम्मीच, ५० टक्के. १९४७ पासून चांदी बंद, तांबं आणि निकेल सुरू. हाफ क्राउनचं वजन तिन्ही काळात १४.१४ ग्रॅमच. पण पहिल्यात सुमारे १३ ग्रॅम शुद्ध चांदी, दुसऱ्यात सात आणि तिसऱ्यात शून्य. दिसायला तिघं भाऊ, पण मोडीच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक. मोडीचा हा भाव म्हणजे नाण्याच्या किमतीची खालची पायरी. त्याखाली कुणी भाव सांगितला तर दुकानातून उठावं.

मग प्रत

आता खरी कसोटी. नाण्याची प्रत, म्हणजे ग्रेड. ब्रिटिश पद्धतीत चढत्या क्रमानं शब्द असे आहेत. पुअर, फेअर, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन आणि अनसर्क्युलेटेड. अमेरिकेत १ ते ७० असे गुण देतात. हल्ली पारदर्शक डबीत सीलबंद होऊन येणाऱ्या नाण्यांवर हेच गुण छापलेले असतात.

‘फाइन’ हा शब्द मोठा फसवा. शब्दानं उत्तम वाटतो, पण नाण्यांच्या दुनियेत फाइन म्हणजे चांगलंच वापरलेलं, झिजलेलं नाणं. अक्षरं आणि साल स्पष्ट, पण राजाच्या कानावरचे केस सपाट झालेले. ‘व्हेरी फाइन’मध्ये केसांच्या मुख्य बटा दिसतात, झीज फक्त उंच भागांवर. ‘एक्स्ट्रीमली फाइन’मध्ये झीज शोधावी लागते आणि ती भिंगाखाली एखाद्या टोकावरच सापडते. ‘अनसर्क्युलेटेड’ म्हणजे बाजारात फिरलंच नाही. झीज अजिबात नाही, टांकसाळीची मूळ झळाळी अंगावर. पिशवीत एकमेकांवर आपटून पडलेले बारीक ओरखडे मात्र त्यातही चालतात. ‘प्रूफ’ ही प्रत नव्हे. खास चकचकीत ठशांनी निगुतीनं पाडलेल्या नाण्याला प्रूफ म्हणतात. ते हाताळून खराब झालं तरी प्रूफच राहतं, किंमत तेवढी उतरते.

प्रत ठरवायची तर नाण्याचा सर्वांत उंच भाग कोणता हे आधी शोधावं, कारण झीज तिथूनच सुरू होते. राजाच्या चेहऱ्यावर भुवई, गाल आणि कानावरचे केस. ब्रिटानियाच्या अंगावर तिचं शिरस्त्राण, छाती आणि गुडघा. सॉव्हरिनवर घोड्यावरच्या सेंट जॉर्जची छाती आणि घोड्याचा खांदा. एकाच दिव्याखाली नाणं तिरपं धरून हळूहळू फिरवावं. मूळ झळाळी असेल तर प्रकाशाची लकेर गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. झळाळी गेली असेल तर प्रकाश एका जागी मेल्यासारखा पडून राहतो. आणि नाणं घासलेलं असेल तर? एकाच दिशेनं गेलेले शेकडो केसाएवढे ओरखडे लख्ख दिसतात.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पेटी उतरते. आजोबांनी जपलेली, कुणी बोटीवर नोकरीला होतं त्यानं आणलेली, काळवंडलेली नाणी निघतात. घरातलं कुणीतरी प्रेमानं चिंच, राख, लिंबू नाहीतर टूथपेस्ट घेऊन बसतं. तासाभरात तांबडी, पांढरी, चकचकीत नाणी ताटात मांडली जातात. सगळ्यांना कौतुक वाटतं. पण त्या तासाभरात नाण्याच्या अंगावरचा शंभर वर्षांचा थर निघून गेलेला असतो, आणि त्याबरोबर पृष्ठभागाचा अगदी पातळ पापुद्राही. काशावरचा तपकिरी रंग आणि चांदीवरची निळसर-करडी छटा हा मळ नव्हे. तो धातूनं हवेशी केलेला समझोता आहे. संग्राहक त्याचेच पैसे मोजतो. घासलेल्या पेनीचा भडक गुलाबी रंग त्याला लांबूनही ओळखू येतो. एक्स्ट्रीमली फाइन प्रतीचं नाणं अशा रीतीनं एका बैठकीत अनेक पायऱ्या खाली घसरतं आणि ती चूक सुधारण्याचा उपाय कुणाकडेच नाही.

शेवटी किंमत

किंमत ठरते ती दुर्मिळता, प्रत आणि मागणी या तिघांच्या संगनमतानं. यातलं एक नसेल तर बाकीची दोन लंगडी पडतात.

१९६५ सालचा चर्चिलचं चित्र असलेला क्राउन घ्या. मोठा, देखणा, नाव केवढं! पण तो पाडला गेला जवळपास दोन कोटी आणि लोकांनी आठवण म्हणून जपून ठेवला. आज कुठल्याही जुन्या बाजारात तो चिल्लर भावात मिळतो. उलट सातव्या एडवर्डचा १९०५ चा हाफ क्राउन. तो पाडला गेला जेमतेम एक लाख सहासष्ट हजार आणि बहुतेक नाणी व्यवहारात झिजून गेली. झिजलेलं असलं तरी त्याला गिऱ्हाईक आहे, आणि उत्तम प्रतीचं असेल तर लिलावात हात वर होतच राहतात.

गोष्ट रंगतदार म्हणून नाणं महाग, असंही नाही. १८८७ साली राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाला नवं सहा पेनींचं नाणं निघालं. त्याची मागची बाजू सोन्याच्या अर्ध्या सॉव्हरिनसारखीच होती. लबाडांनी त्याला सोन्याचा मुलामा दिला आणि सहा पेनींचं नाणं दहा शिलिंगांना खपवायला सुरुवात केली. सरकारनं घाईघाईनं ते चित्र बदललं. आता हे नाणं फार मोलाचं असेल, असं कुणालाही वाटेल. पण नाणं मागे घेतलं जातंय हे कळताच लोकांनी ते साठवून ठेवलं. म्हणून ते आजही चांगल्या प्रतीत मुबलक मिळतं. नव्या संग्राहकानं सुरुवात करावी ती अशाच नाण्यानं. खर्च थोडा, गोष्ट मोठी.

भाव पाहण्यासाठी लंडनच्या स्पिंक या जुन्या पेढीची ब्रिटिश नाण्यांची सूची प्रमाण मानली जाते. पण सूचीतला भाव हा व्यापाऱ्याचा विकायचा भाव असतो. तो खरेदी करणार त्यापेक्षा कमी दरानं, कारण त्याचं पोट त्यावर आहे. प्रत्यक्ष लिलावात काय मिळालं, ते आकडे अधिक खरे. आणि सूचीच्या रकान्यात आपल्या नाण्याची प्रत शोधताना मनाला विचारावं, हेच नाणं दुसऱ्याकडून विकत घेताना आपण हीच प्रत मानली असती का? स्वतःच्या नाण्याला सगळेच एक पायरी वर चढवतात.

‘जुनं नाणं द्या, लाखो मिळवा’ अशा जाहिरातींपासून तर चार हात लांबच राहावं. आधी नोंदणी फी, मग कर, मग कमिशन, आणि शेवटी फोन बंद. रिझर्व्ह बँकेच्या नावाचा असा गैरवापर होऊ लागला, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेला जाहीर खुलासा करावा लागला, की जुनी नाणी-नोटांच्या अशा व्यवहारांशी आपला काही संबंध नाही आणि त्यासाठी आपण कोणतंही शुल्क मागत नाही. खरा व्यापारी नाणं घेताना पैसे देतो, मागत नाही.

आणखी एक कायद्याची गोष्ट. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. लंडनच्या भाच्याच्या बॅगेत आजोबांचं सॉव्हरिन टाकून ‘तिकडे विकून ये’ म्हणण्याआधी हे ध्यानात असावं.

मुंबईचं सॉव्हरिन

सॉव्हरिनवरून आठवतं. सेंट जॉर्जच्या घोड्याखाली, सालाच्या बरोबर वर, जमिनीच्या पट्टीवर कधीकधी एक बारीक अक्षर असतं. ‘एस’ म्हणजे सिडनी, ‘एम’ म्हणजे मेलबर्न, ‘पी’ म्हणजे पर्थ. काहीच नसेल तर लंडन. १९१७ सालचं सिडनीचं किंवा पर्थचं सॉव्हरिन सहज मिळतं, पण त्याच सालचं लंडनचं सॉव्हरिन दुर्मिळ, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही फिरतात.

आणि १९१८ सालच्या नाण्यावर ‘आय’ असेल तर? ते सॉव्हरिन आपल्या मुंबईत पाडलेलं! पहिल्या महायुद्धाच्या काळात रॉयल मिंटनं मुंबईच्या टांकसाळीत शाखा उघडली. तिथे त्या एकाच सालाची सुमारे तेरा लाख सॉव्हरिनं निघाली आणि काम थांबलं. ती अगदी दुर्मिळ नाहीत. पण इंग्लंडच्या राजाचं, इंग्लंडच्या चलनातलं आणि मुंबईच्या मजुरांच्या हातून पाडलेलं नाणं म्हणून तिकडचा संग्राहकही ते कौतुकानं ठेवतो.

अशी किती ‘गिन्नी’ आपल्या घरांतून सराफाच्या मुशीत गेली आणि पाटल्या-बांगड्या होऊन बाहेर आली, त्याची मोजदाद नाही. त्यात चूक काहीच नव्हतं. अडीनडीला मोडण्यासाठीच तर ती घेतली होती. पण मोडण्यापूर्वी भिंगातून एकदा बघायला पाच मिनिटं पुरतात.

तेव्हा पेटी उतरलीच, तर क्रम असा ठेवावा. हात धुऊन कोरडे करावेत. नाणं चिमटीत कडेनं धरावं, तोंडावर अंगठा ठेवू नये. साल, चेहरा, अक्षरं, वजन वहीत टिपून घ्यावं, कुणी आणलं हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून तेही लिहावं. मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त पिशव्या वापरू नयेत, त्यातून सुटणारी रसायनं नाण्यावर हिरवट चिकट थर चढवतात. कोऱ्या आम्लविरहित कागदाची पाकिटं बरी. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी. आणि चिंच राहू द्यावी स्वयंपाकघरात, आमटीसाठी.